लोवेलचं एक मत

आईच्या पंचाण्णवाव्या वाढदिवसाला लोवेल आला तो दारातच मत देत आला.

दारावरची जुनी घंटा काढून तिथे बोटाएवढा कॅमेरा बसवला होता. लोवेलने बॅग पायरीवर ठेवली, त्या कॅमेऱ्यात वाकून पाहिलं आणि उंबरठा न ओलांडताच म्हणाला, "आता आईलासुद्धा पाळतीवर ठेवलंय का?"

"पाळत कसली," आर्डिस म्हणाली. "तिला घंटा ऐकू येत नाही. कोणी आलं की माझ्या फोनवर दिसतं."

"तेच म्हणतोय मी."

मग तो आत आला, धाकट्या बहिणीला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावरून आपल्या फोनवर काय आलंय ते बघून घेतलं.

लोवेल रुस्टाड एकोणीस वर्षं मेक्सिकोत राहत होता. एका तळ्याकाठी अमेरिकेतून आणि कॅनडातून निवृत्त होऊन आलेल्या मंडळींची वसाहत होती, तिथे त्याचं घर. दर शुक्रवारी तो साऱ्या नातेवाइकांना एक लांबलचक मेल पाठवत असे. फोनने माणसाचं माकड केलं, असं त्यात असे. संघटित धर्म म्हणजे भीतीचं दुकान, आणि गिऱ्हाइकाला जन्मतःच उधारीवर बांधून ठेवतात, असं असे. आणि सगळ्यात जास्त जोर पूर्वग्रहावर. मिनेसोटातल्या टोरव्हिकसारख्या गावांत पूर्वग्रह हवेत असतो, लोक तो श्वासाबरोबर घेतात आणि वर स्वतःला भले समजतात, असं त्याने निदान पंधरा वेळा तरी लिहिलं असेल. टोरव्हिक म्हणजे त्याचं स्वतःचं गाव. ज्यांना हे मेल जात ते सगळे तिथेच राहत होते.

थोरला भाऊ ऑरिन ते न उघडताच पुसून टाकी. त्याची बायको मार्लिस पहिल्या दोन ओळी वाची. आर्डिस मात्र शेवटपर्यंत वाचत असे, कधी कधी दोनदा. ती बारा वर्षांची असताना नदीवर मासे धरायला बसल्या बसल्या लोवेलने तिला सांगितलं होतं की, देव बहुतेक नसावा. कोंदट खोलीची खिडकी कोणीतरी उघडावी तसं तिला वाटलं होतं. पुढे चाळीस वर्षं तिने चर्चमध्ये पियानो वाजवला, एक रविवार चुकवला नाही. पण ती खिडकी तिने कधी लावूनही घेतली नाही. ती उघडणारा भाऊ तिच्या लेखी रुस्टाड घराण्यातला एकुलता एक मोकळा माणूस होता.

म्हणूनच उद्याच्या सभेसाठी तिची सगळी भिस्त त्याच्यावर होती.

रुस्टाडांच्या पणजोबांनी उभारलेलं ते पांढरं ल्युथरन चर्च आता मोडकळीला आलं नव्हतं, पण माणसांअभावी ओस पडलं होतं. तरुण मंडळी शहरात गेली, म्हातारी मागच्या दफनभूमीत. उरलेल्यांना छप्पर शाकारणं परवडेना. अशात गावातल्या ग्वाटेमालाच्या मंडळींनी विचारलं, आम्हाला द्याल का? ही माणसं टर्कीच्या कारखान्यात कामाला आलेली, बायकापोरांसह दहाबारा वर्षं इथे रुजलेली. त्यांची उपासना बंद पडलेल्या फर्निचरच्या दुकानात भरत असे, आणि तिथे उभं राहायलाही जागा उरली नव्हती. आर्डिसचं म्हणणं, देऊन टाकू. ऑरिनचं म्हणणं, पाडून टाकू. "मानाने पाडू," असं तो म्हणे, जणू इमारतीला मान घातलेला कळतो.

ठरावाला दोन तृतीयांश मतं हवी होती. आर्डिसने बोटांवर मोजून पाहिलं होतं. लोवेलचं नाव अजून सभासदांत होतं, कारण आई दरवर्षी त्याच्या नावाचं पाकीट न चुकता दानपेटीत टाकत आली होती. धर्म सोडलेल्या माणसाचं मत धर्माच्या चोपडीत आईने असं जपून ठेवलं होतं.

शनिवारी संध्याकाळी सगळे आईच्या स्वयंपाकघरात जमले. ओव्हनमधून खिमा-बटाट्याची हॉटडिश निघाली, बटाट्याच्या पातळ पोळ्या, म्हणजे लेफ्स्या, लोणी-साखर लावून गुंडाळल्या गेल्या. आई, म्हणजे बोर्गहिल्ड, खिडकीजवळ आपल्या खुर्चीत बसून आलटूनपालटून प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होती. ऐकू आलं नाही की ती मान डोलवी, आणि तिने मान डोलवली की प्रत्येकाला वाटे, आई आपल्या बाजूची.

"तिकडे कसं चाललंय?" मार्लिसने विचारलं. विचारायलाच हवं म्हणून.

"उत्तम. फक्त तो घंटानाद," लोवेल म्हणाला. "आमच्या गल्लीसमोर चर्च आहे. पहाटे घंटा, आणि कुठल्या ना कुठल्या संताचा उत्सव म्हणून फटाके. शेवटी आम्ही रहिवाशांनी सह्या गोळा करून अर्ज दिला."

"मेक्सिकन लोकांनी पण सह्या दिल्या?" आर्डिसने सहज विचारलं.

"ते असल्या भानगडीत पडत नाहीत."

ऑरिन पहिल्यांदाच हसला. आर्डिसने भावाला आणखी एक लेफ्सी वाढली.

इतक्यात आर्डिसचा फोन किणकिणला आणि त्यात एलिसेओ इश्कोय दिसला. तो ग्वाटेमालाच्या मंडळीचा पाळक, आणि बाकीचे सहा दिवस कारखान्यात पाळीवरचा मुकादम. हातात फडक्यात गुंडाळलेलं भांडं होतं. त्याच्या बायकोने, कातारिनाने, आजींच्या वाढदिवसासाठी तमाले, मक्याच्या पिठाचे पानात वाफवलेले उंडे, पाठवले होते. तो आईसमोर वाकला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आजी, शंभरी गाठायची बरं का."

"एवढं राहायचं कशाला?" आई म्हणाली. तिला ऐकू आलं होतं. एलिसेओ नेहमीच मोठ्याने बोलत असे.

लोवेल उठून उभा राहिला. आपल्या घरच्यांना थोडं जग दाखवायची संधी होती. त्याने एकोणीस वर्षांचं स्पॅनिश बाहेर काढलं आणि दोन लांब वाक्यं बोलला. एलिसेओने मान तिरकी करून ऐकून घेतलं, थोडा थांबला आणि इंग्रजीत म्हणाला, "माफ करा, परत सांगता का? आमच्या घरी कीचे भाषा बोलतात. माझं स्पॅनिशही शाळेतलंच आहे."

"म्हणजे तुम्ही मूळचे. माया." लोवेलचा चेहरा उजळला. "अप्रतिम. मग तुम्ही या पाळकगिरीत कसे अडकलात? या धर्माने तुमच्या लोकांचं काय केलं, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"ठाऊक आहे," एलिसेओ म्हणाला. "मी तिथलाच आहे. तमाले गरम आहेत तोवर खाऊन घ्या."

तो गेल्यावर लोवेल बराच वेळ त्याचं कौतुक करत होता. किती साधा, किती ऋजू, शोषणाची जाणीवच नाही बिचाऱ्याला. आर्डिसला जरा अवघडल्यासारखं झालं, पण तिने मनाची समजूत घातली. कौतुकच करतोय ना.

ऑरिनने काट्याने तमाल्याचं पान उलगडलं, वास घेतला, परत मिटलं. हॉटडिशची दुसरी वाढ घेत तो म्हणाला, "माणूस चांगला आहे. माझं काही म्हणणं नाही. पण ते आले की वेदीच्या मागे पडदा बसणार. भिंतीएवढा."

"पडदा?" लोवेल म्हणाला.

"गाण्यांचे शब्द त्याच्यावर येतात. दोन्ही बाजूंना कर्णे. ढोल. इलेक्ट्रिक गिटार. रविवारी सकाळपासून दुपारपर्यंत. बुधवारी पण असतं म्हणे."

"बुधवारी कशाला?"

"त्यांना आवडतं," ऑरिन म्हणाला. "बाबा तिथे भिंतीलगतच झोपलेत. त्यांना काय, आता कशानेच जाग येणार नाही."

लोवेलने काटा खाली ठेवला. ऑरिनने आयुष्यात धाकट्या भावाचं एकही मत मानलं नव्हतं. पण त्यातलं कुठलं कुठे कामाला येईल, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. गुरांचा व्यवहार करण्यात त्याची हयात गेली होती. मार्लिस नवऱ्याकडे एकटक बघत राहिली. मग उठून तिने त्याने मिटून ठेवलेला तमाला आपल्या ताटात घेतला आणि सगळ्यांच्या देखत खाल्ला.

रविवारच्या उपासनेला लोवेल आला, तो सुरुवातीलाच बिथरला. चार गावांत मिळून एकच पाळक उरली होती आणि आज ती दुसऱ्या गावाहून टीव्हीवर उपदेश करत होती. मधेच तिचा चेहरा गोठला, तोंड उघडं राहिलं आणि सगळी मंडळी अदबीने त्या उघड्या तोंडाकडे बघत बसली.

"देवाने बोलायचं सोडलं, आता पाळकानेही," लोवेल कुजबुजला.

आर्डिसने हसू दाबत पुढचं गीत वाजवायला घेतलं. तिला वाटलं, हा आहे माझा भाऊ.

सभा तळघरात भरली. पातळ कॉफी, केक, लांब टेबलं. अध्यक्ष ऑरिनच होता. आर्डिसने ठराव वाचला, थोडक्यात बोलली, बसली. मग लोवेल उभा राहिला. "मी आधीच सांगतो, मी नास्तिक आहे," त्याने सुरुवात केली. टोरव्हिकची मंडळी कॉफीच्या कपांत बघू लागली. कोणाच्या खासगी आजारावर बोलणं निघालं की ती तशीच बघतात.

तो छान बोलला. बोलण्यात त्याचा हात कोणी धरला नसता. या गावाने परक्या माणसाला कसं वागवलं, हे त्याने नावं न घेता इतकं नेमकं सांगितलं की ज्यांची नावं घेतली नव्हती ते सगळे लाल झाले. आपले आजे-पणजेही नॉर्वेहून उपाशीपोटी बोटीतून आले होते, त्यांनाही इंग्रजी येत नव्हतं, असं म्हणताना त्याचा आवाज भरून आला. मागच्या टेबलावरच्या एका म्हातारीने डोळे पुसले. आर्डिसने मनातल्या मनात मतं परत मोजली. जमत होतं.

"पण," लोवेल म्हणाला.

आर्डिसची मोजणी तिथेच थांबली.

"पण मी कुठल्याच धर्माच्या बाजूचा नाही. एक भीतीचं दुकान बंद होतंय, तर त्याच जागी दुसरं, जास्त गोंगाटाचं, पडदे आणि कर्णे लावलेलं दुकान मी माझ्या हाताने उघडून द्यायचं? हा त्या भल्या माणसांवरचाच अन्याय ठरेल. त्यांना मोकळं व्हायला मदत करू या, नव्या बेड्या कशाला द्यायच्या? माझ्या तत्त्वात हे बसत नाही." आणि तो खाली बसला.

ऑरिनने हात वर करायला सांगितलं. ठरावाच्या बाजूने आर्डिसचा हात गेला. आईने शेजारणीला विचारून घेतलं, कशाबद्दल चाललंय, आणि मग हात वर केला. त्यानंतर मार्लिसचा हात वर गेला आणि ऑरिन मोजता मोजता थांबला. सत्तेचाळीस वर्षांच्या संसारात तिने चारचौघांत त्याच्याविरुद्ध साधी मीठदाणीही सरकवली नव्हती.

"मार्लिस," तो हळूच म्हणाला.

"माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू मका कापत होतास," ती म्हणाली. "मला न्हाऊ कातारिनाने घातलं. मोज पुढे."

त्याने मोजलं. लोवेलचा हात खालीच होता. एका मताने ठराव पडला. आयुष्यभर मतं फुकट वाटत आलेल्या माणसाने पहिल्यांदाच एक मत राखून ठेवलं होतं, आणि तेवढ्याने काम झालं.

नंतर तळघराच्या मोरीवर आर्डिस कप विसळत होती. लोवेल फडकं घेऊन पुसायला उभा राहिला. वर लोक खुर्च्या सरकवत होते.

"रागावलीस?" त्याने विचारलं.

"नाही."

टोरव्हिकमध्ये याहून वाईट उत्तर नाही. लोवेल परदेशी राहिला तरी तेवढं विसरला नव्हता.

"माझा प्रश्न तत्त्वाचा होता, आर्डिस. ते कोण आहेत याच्याशी त्याचा संबंध नाही. नॉर्वेजियन असते तरी मी—"

"नॉर्वेजियनच होते की. शंभर वर्षं होते. त्यांच्याविरुद्ध तू कधी सभेत उभा राहिला नाहीस. नुसता निघून गेलास."

"तो गोंगाट तुला सहन झाला असता? बाबांच्या डोक्याशी?"

"बाबा ट्रॅक्टरवर रेडिओ लावून फिरायचे. शेजारच्या शेतात ऐकू जायचा."

 लोवेल एकच कप पुसत राहिला.

"तिकडे तू काय आहेस रे?" तिने विचारलं. "त्या तळ्याकाठी. एलिसेओ इथे बाहेरून आलेला, असं सगळे म्हणतात. मग तू तिथे कोण?"

"ते वेगळं आहे. आम्ही तिथे कोणाचं काही घेत नाही."

"तुमची झोप मोडते म्हणून तुम्ही घंटेवर अर्ज केलात. घंटा त्यांची, पहाट त्यांची, गाव त्यांचं."

"आर्डिस, तू आता ऑरिनसारखी बोलायला लागलीस."

"ऑरिन बरा. त्याला ती माणसं नको होती, त्याने तसं सांगितलं. तुला पण नकोच होती, पण ते त्यांच्या भल्यासाठी."

हे त्याला लागलं. त्याने कप खाली ठेवला. आणि मग तो जे बोलला ते तरी खरं होतं, असं पुढे आर्डिसला नेहमी वाटत राहिलं. "बाबांना नेलं तेव्हा मी मागच्या बाकावर बसलो होतो. कोणी रडत नव्हतं. कोणी काही बोलत नव्हतं. त्या थंडगार शांततेत मला वाटलं, इथे कोणीच नाही, देवही नाही, आणि तेच बरं आहे. मला ती जागा तशीच लक्षात ठेवायची आहे. तिथे टाळ्या वाजताना मला नाही बघवणार."

"तू बघायला कुठे असणार होतास?"

तो कप उचलून परत पुसू लागला.

"तू उठून गेलास ते मी कधी मनावर घेतलं नाही," ती म्हणाली. "मला अभिमानच वाटायचा. पण आपण सोडलेल्या जागेवर दुसऱ्या कोणी बसू नये, हे कुठलं तत्त्व? गवत स्वतः खात नाही आणि गाईलाही खाऊ देत नाही, ते गोठ्यातलं कुत्रं बरं, ते निदान गोठ्यात तरी असतं."

तिने त्याच्या हातातलं फडकं घेतलं आणि उरलेले कप स्वतः पुसले. सोमवारी त्याला विमानतळावर ऑरिनने सोडलं. जाताना दोघे भाऊ वाटेत ॲपल-पाय खायला थांबले म्हणे. इतकी वर्षं त्यांचं कशावर पटलं नव्हतं, आता निदान एका गोष्टीवर तरी जमलं होतं.

सप्टेंबरात चर्च पाडलं. मानाने पाडायचं तर कसं, हे कोणालाच माहीत नसल्याने ते साध्या यंत्राने एका दुपारीत पाडलं. रंगीत काचा एका संग्रहालयाने नेल्या, बाकं जो तो आपापल्या ओसरीवर घेऊन गेला. पियानो कोणाला नको होता. आर्डिसने एलिसेओला विचारलं. तो चार माणसं आणि पिकअप घेऊन आला.

"भगिनी आर्डिस, पियानो नेतो, पण आमच्यात तो वाजवणारं कोणी नाही," तो म्हणाला.

"मला वाटलंच," आर्डिस म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

त्या शुक्रवारी लोवेलचा मेल आला. 'पूर्वग्रहाचा बळी' असं वर लिहिलेलं होतं. एका छोट्या गावाने परक्यांना देण्यापेक्षा आपलं देऊळ जमीनदोस्त करणं पसंत केलं, याची हकीकत त्यात होती, आणि लिहिलं होतं फार सुंदर. शेवटचा परिच्छेद तर डोळ्यांत पाणी आणणारा होता. आर्डिसने तो नेहमीप्रमाणे शेवटपर्यंत वाचला. मग एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच उत्तर लिहिलं, आणि ते सगळ्यांना जाईल असं पाठवलं: "लोवेल, छान लिहिलंयस. तुझं मत कुठे गेलं तेवढं लिहायचं राहिलं." त्यानंतर महिनाभर मेल आला नाही. मग आला तो बोलणाऱ्या यंत्रांवर होता.

फर्निचरच्या दुकानातल्या पहिल्या दोन रविवारी आर्डिसची पुरती त्रेधा उडाली. त्यांची गाणी तिला मुळीच आवडली नाहीत. एकच ओळ अकरा वेळा म्हणत, आणि दर वेळी आधीपेक्षा जलद. ढोलवाला तिच्या ताला­कडे ढुंकून बघत नसे. "जरा हळू घेऊ या," असं तिने सांगितलं की सगळे आनंदाने मान डोलवत आणि पुढचं गाणं आणखी जोरात पळवत. घरी जाताना तिचं डोकं ठणके. आपण किती मोकळ्या मनाच्या आहोत याबद्दल तिचा जो समज होता, तो दुसऱ्या रविवारपर्यंत बराच खाली आला. तिसऱ्या रविवारी ती तरीही गेली. जिभेवर कडू लागलं तरी औषध घ्यावं तशी गेली.

नोव्हेंबरात आई म्हणाली, मला पण ने. आर्डिसला लवकर जावं लागे, म्हणून आईला आणायचं काम ऑरिनवर आलं. त्याने तिला दारापर्यंत धरून आणलं, आतल्या मुलीच्या हवाली केलं आणि परत गाडीत जाऊन बसला. इंजिन चालू, हीटर चालू, टोपी कपाळावर.

आईला कोणीतरी पुढच्या रांगेत, कर्ण्याच्या अगदी तोंडाशी खुर्ची दिली.  ढोल सुरू झाला, गिटार सुरू झाली. आई सुरुवातीला दचकली. मग तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि तिचा चेहरा हळूहळू असा झाला, जसा आर्डिसने कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. गाणं संपल्यावर एलिसेओ तिच्याजवळ वाकला.

"आजी, फार मोठा आवाज होतोय का? कमी करू?"

"अजिबात नको," आई म्हणाली. "आमच्याकडे नऊ वर्षांत मला एक शब्द ऐकू आला नाही. मी आपली बसायची. काही बुडालं नाही म्हणा."

मार्लिस मागच्या टेबलाशी कातारिनाबरोबर ताटं लावत होती. उपासना लांबली. बाहेर बर्फ भुरभुरू लागलं होतं, आणि काचेतून ऑरिनची गाडी दिसत होती. मागच्या नळीतून निघणारा धूर कमी कमी होत शेवटी थांबला. डिझेल फुकट जाळणं त्याच्या जिवावर येत असावं. थोड्या वेळाने दार उघडलं, थंड हवेचा झोत आत आला आणि त्याच्यामागून ऑरिन.

तो दाराला टेकून उभा राहिला. सगळे टाळ्या वाजवत होते, तो हात खिशात घालून होता. त्याने आईकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, मग पियानोकडे. आर्डिसचा एक सूर चुकला, पण ढोलात तो कोणाला कळला नाही.

मार्लिस त्याच्यासमोर ताट घेऊन गेली. ते धरून उभी राहिली.

ऑरिनने टोपी काढली नाही. पण ताट घेतलं.